पत आणि साख : जबलपूरची पेढी आणि तिचे वारस

व्यवहारातील विश्वासाला मराठीत ‘पत’ म्हणतात. सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात उतरले की त्याच अर्थाने ‘साख’ हा शब्द कानी पडतो. दोन्ही शब्द संस्कृतातूनच आले, परंतु दोन वेगळ्या वाटांनी. ‘पत’चे मूळ ‘प्रत्यय’ या शब्दात सांगतात, ‘साख’चे ‘साक्ष्य’ या शब्दात. पत म्हणजे धनकोला ऋणकोविषयी स्वतः आलेला प्रत्यय. साख म्हणजे ऋणकोविषयी इतरांनी दिलेली साक्ष. युरोपीय भाषांतील या अर्थाचे शब्द ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या ‘क्रेदेरे’ या लॅटिन क्रियापदापासून निघाले असल्याने त्यांचा कल मराठीकडे झुकतो, असे म्हणता येईल. व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध होत नाही, हे खरे. बोलणाऱ्याला शब्दाचे मूळ ठाऊक नसते आणि असण्याची गरजही नसते. तरीसुद्धा जबलपूरसारख्या, मराठी आणि हिंदी या दोन्ही मुलखांच्या राजकारणात सापडलेल्या शहरात कर्ज देणाऱ्या संस्था कशा उभ्या राहिल्या आणि कशा बदलल्या, हे पाहू लागले की या दोन शब्दांतील भेद उपयोगी पडतो. कर्जदाराला ओळखायचे कोणी आणि कशावरून, हाच त्या इतिहासातील वादाचा मुद्दा आहे.

गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी जिंकले. सागरचा हा कारभार पानिपतच्या मोहिमेत कामी आलेल्या गोविंदपंत बुंदेल्यांच्या वंशजांकडे होता. शतक संपण्यापूर्वीच जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१७ च्या अखेरीस, ते इंग्रजांच्या हाती आले. म्हणजे मराठी अंमल जेमतेम छत्तीस वर्षांचा. परंतु सावकारीच्या दृष्टीने हा काळ महत्त्वाचा होता, कारण सारा गोळा करून तो दूरच्या राजधानीला पोचवणे हे काम रोख नाण्यापेक्षा हुंडीनेच सुकर होत असे. त्यात नाण्यांचा घोळ होता. सागरच्या टांकसाळीचा बाळाशाही रुपया आणि नागपुरी रुपया यांचे मोल सारखे नव्हते. एका नाण्यातील रक्कम दुसऱ्यात फिरवताना बट्टा द्यावा लागे. सराफाचे मूळ उत्पन्न या बट्ट्यात आणि हुंडणावळीत होते; व्याज हे पुढचे. १८३५ साली कंपनी सरकारने एकच रुपया सर्वत्र चालवण्याचे ठरवले, तेव्हा या उत्पन्नाची एक बाजू हळूहळू आटत गेली आणि सराफ अधिकाधिक सावकारीकडे वळला. हा क्रम सहसा लक्षात घेतला जात नाही.

याच संधिकाळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, जैसलमेरकडून आलेल्या एका माहेश्वरी कुटुंबाने जबलपुरात बस्तान बसवले. मूळपुरुष सेवाराम, त्यांच्या व त्यांचे पुत्र खुशालचंद यांच्या नावाने चाललेली ‘सेवाराम खुशालचंद’ ही पेढी पुढे मध्य प्रांतातील अग्रगण्य पेढ्यांत गणली गेली. खुशालचंदांचे पुत्र राजा गोकुळदास यांच्या काळात तिचा उत्कर्ष झाला. जबलपूरमध्ये आजही त्यांचे नाव रेल्वे स्थानकाजवळच्या धर्मशाळेला आहे. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यासाठी कर्ज देणारे, टाऊन हॉल बांधणारे, कापडगिरणी काढणारे म्हणून गावाच्या आठवणीत ते आहेत. शहराला नळाचे पाणी मिळावे म्हणून नगरपालिकेने सावकाराच्या दारी जावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्या काळी या प्रदेशात तेवढी रक्कम उभी करू शकणारी दुसरी संस्था जवळ नव्हती. नावात बँक हा शब्द नसला तरी ही प्रादेशिक बँकच होती.

पेढीचे कामकाज समजून घ्यायचे तर हुंडी समजून घ्यावी लागते. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी पटवायची. मुदती हुंडी ठराविक दिवस भरल्यावर. धनीजोग हुंडीचे पैसे धन्याला, म्हणजे तिच्या मालकाला मिळत. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारात ‘शाह’ म्हणून मान्यता असलेल्या व्यक्तीलाच द्यायचे असत. तोतयाच्या हाती पैसे पडू नयेत, यासाठी ही तजवीज होती, आणि ती कोणत्याही सही-शिक्क्यावर नव्हे तर बाजाराने एकमेकांना ओळखण्यावर उभी होती. हुंडी हरवली तर ‘पैठ’ लिहून द्यायची, तीही गहाळ झाली तर ‘परपैठ’. पैसे चुकते झालेल्या हुंडीला ‘खोका’ म्हणत. जबलपूरच्या पेढीची हुंडी परगावच्या आडत्याने स्वीकारली, तर तिच्यामागे न्यायालय नव्हते, सरकार नव्हते. हुंडी नाकारली गेल्याची वार्ता व्यापाऱ्यांत पसरेल, ही भीती होती. या अर्थाने सराफांचा आपसातला व्यवहार ‘साखे’वर चाले: सारा बाजार साक्षीदार.

पेढीचा शेतकऱ्याशी असलेला व्यवहार मात्र निराळा होता, आणि पेढ्यांच्या वैभवाची वर्णने करणाऱ्या लेखनात हा भेद बहुधा पुसट होतो. तेथे हुंडी नव्हती, वही होती. वही धन्याची, लेखणी मुनिमाची, आणि कुळाजवळ आपल्या स्मरणाखेरीज काही नसे. धनकोला ऋणकोचा प्रत्यय होता: कुणाचे बैल किती, कुणाच्या विहिरीला पाणी, कुणाच्या घरी यंदा लग्न. उलट दिशेची साक्ष कोणीच देत नव्हते. जुन्या व्यवस्थेत याला एक नैसर्गिक मर्यादा होती. जमीन विकत घेण्यासारखी वस्तू नसल्याने सावकाराला कुळ जगवावेच लागे; कुळ पळून गेले तर वहीतील आकडा हा नुसता आकडा उरे.

ही मर्यादा इंग्रजी अंमलात नाहीशी झाली. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा हा धनकोच्या हाती आलेला नवा दस्त होता. त्याचा पहिला भडका सागर-नर्मदा मुलखातच उडाला: १८४२ साली सागर जिल्ह्यातील चंद्रापूरचा जवाहरसिंह आणि नऱ्हटचा मधुकरशाह या बुंदेले ठाकुरांनी उठाव केला, तेव्हा त्यांच्यावर बजावलेले दिवाणी हुकूमनामे हे त्याचे तात्कालिक निमित्त होते. मराठी वाचकाला १८७५ मधला सुप्याचा दंगा, सावकारांच्या वह्या आणि खते जाळणारे शेतकरी, आणि त्यानंतरचा १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा परिचित असतो. त्याच्या तेहेतीस वर्षे आधी नर्मदेच्या बाजूला तेच घडून गेले होते, हे फारसे परिचित नाही. दोन्हींत फरक एवढाच की सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले आणि बुंदेले ठाकुरांनी शस्त्र उचलले. कागद जाळणाऱ्यांना शत्रू अधिक नेमका कळला होता, असे म्हणावे लागते.

१८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत झालेल्या जमाबंदीने साऱ्याचे मक्तेदार असलेल्या मालगुजारांना गावांचे मालकी हक्क दिले. मालकी आली म्हणजे गहाण आले, गहाण आले म्हणजे लिलाव आला. त्यात १८७० साली अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे आणि मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे जबलपुरात एकमेकींना मिळाल्या, आणि आदल्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला होता. नर्मदाकाठचा गहू मुंबईमार्गे युरोपात जाऊ लागला. गव्हाचा भाव चढला, जमिनीचा भाव चढला, आणि जमिनीवर मिळणारे कर्जही चढले. पेढीने कर्जापोटी गावेच्या गावे घेतली. सराफ मालगुजार झाला. शेतकऱ्याचा प्रत्यय घेण्याची आता गरज नव्हती, कारण जमिनीचा प्रत्यय पुरेसा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या उभारणीचा पाया उघडा पाडला. १८९८ च्या कूळकायद्याने जमिनीच्या हस्तांतरावर बंधने घातली, ती उशिरा आलेली कबुली होती. पेढीला केवळ खलनायक ठरवणे मात्र सोपे आणि चुकीचे आहे. जमीन विकाऊ करणारा कायदा पेढीने केला नव्हता. तिने त्याचा हिशेब इतरांपेक्षा लवकर मांडला, एवढेच.

पर्याय कोणता, हा प्रश्न मराठी मुलखात आधीच विचारला गेला होता. सर विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १८८० नंतरच्या दशकात पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारने तिला अनुकूलता दाखवली, लंडनहून ती नामंजूर झाली. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ साली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ काढली, ती कोणत्याही सहकारी कायद्यावाचून. नावातला ‘अन्योन्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे: परस्परांनी परस्परांना ओळखायचे. मद्रासचे फ्रेडरिक निकल्सन जर्मनीतील राइफायझन यांच्या ग्रामीण पतपेढ्या पाहून आले आणि १८९५ ते १८९७ मधील त्यांच्या अहवालांतून १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा घडला. त्याचे मर्म अमर्यादित जबाबदारीत होते. गावातील सभासदांनी एकत्र यावे, एकाने कर्ज बुडवले तर ते सर्वांनी भरावे. म्हणजे शेजाऱ्याची साक्ष हेच तारण. सराफांनी आपसात वापरलेली ‘साख’ प्रथमच कुळांच्या हाती देण्याचा हा प्रयत्न होता.

मध्य प्रांताने या प्रयोगात देशाला वळण दिले. गावची संस्था, तिच्यावर तालुक्याची वा जिल्ह्याची मध्यवर्ती बँक आणि सर्वांवर १९१२ साली उभी राहिलेली प्रांतिक सहकारी बँक, अशी त्रिस्तरीय रचना येथे लवकर पूर्ण झाली. सहकारी संस्थांचे निबंधक क्रॉस्थवेट हे या रचनेचे शिल्पकार आणि प्रवक्ते. १९१४-१५ च्या मॅक्लॅगन समितीने साऱ्या देशातील सहकाराची पाहणी केली, तेव्हा हा नमुना तिच्यापुढे होता. परंतु रचना पूर्ण होण्याची घाई हाच तिचा दोष ठरला. पैसा वरून खाली वाहत होता: शहरातील वकील, व्यापारी, निवृत्त अधिकारी यांच्या ठेवी प्रांतिक बँकेत, तेथून जिल्ह्यात, तेथून गावात. गावच्या सभासदाच्या दृष्टीने ही ‘सरकारी बँक’ होती. साक्ष देणाऱ्याला आपण साक्ष देत आहोत याची जाणीवच नसेल तर त्या साक्षीचे मोल किती? पहिल्या महायुद्धानंतर मोसम बिघडले आणि प्रांतिक बँकेला सरकारचा आधार घ्यावा लागला. १९२२ साली किंग समितीला या चळवळीची चौकशी करावी लागली. पुढे १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, वसुली थांबली आणि विशेषतः वऱ्हाडात सभासदांच्या जमिनी मध्यवर्ती बँकांच्या ताब्यात आल्या. ज्या सावकाराला पर्याय म्हणून सहकार आणला, त्याचीच भूमिका सहकारी बँकेला वठवावी लागली. मध्य प्रांताने १९३३ साली कर्जतडजोडीचा कायदा केला, तो देशातील आपल्या प्रकारचा पहिला. तडजोड मंडळापुढे धनको आणि ऋणको समोरासमोर बसत आणि आकडा कमी करून हप्ते ठरवत. वही प्रथमच दोघांसमोर उघडली जात होती.

या काळात पेढीचे काय झाले? राजा गोकुळदास १९०९ साली वारले. घराणे शाखांत विभागले, उद्योग, जमीन आणि सावकारी यांत गुंतलेला पैसा मोकळा होईना, आणि संयुक्त भांडवलाच्या बँका शहरातील ठेवी ओढू लागल्या. गोकुळदासांचे नातू सेठ गोविंददास (१८९६-१९७४) हे हिंदीचे नाटककार, १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्वागताध्यक्ष आणि १९५७ पासून मृत्यूपर्यंत जबलपूरचे लोकसभा सदस्य. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात त्यांनी वडिलोपार्जित मालमत्तेवरील आपला हक्क सोडला. ‘आत्मनिरीक्षण’ हे त्यांचे आत्मचरित्र. हिंदी साहित्यात सावकार बहुधा बाहेरून, ऋणकोच्या डोळ्यांनी पाहिला गेला आहे, त्यामुळे अशा घराच्या आतून आलेल्या लेखनाला निराळे महत्त्व आहे. मराठीत सावकारी घरातून आलेले असे लेखन विपुल नाही, आणि ही उणीव जाणवते. मालगुजारी १९५० च्या कायद्याने, १९५१ पासून, संपुष्टात आली, तेव्हा पेढीच्या जमिनीच्या बाजूवरही पडदा पडला.

जुन्या मध्य प्रदेशात मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा राजभाषा होत्या, आणि सहकारी बँकेचा संसारही द्विभाषिक होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषिक राज्यरचना अमलात आली आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. बँकेचीही वाटणी झाली. नागपूरकडील भाग विदर्भ सहकारी बँक म्हणून राहिला व पुढे मुंबईच्या राज्य सहकारी बँकेत मिळून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचा भाग झाला. हिंदी जिल्ह्यांची राज्य बँक जबलपुरात आली आणि कालांतराने भोपाळला गेली. राजधानी हुकलेल्या जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले आणि टिकले. बँक आली आणि गेली. ठेवी आणि येणी वाटता येतात, परंतु सातपुड्याच्या दोन्ही उतारांवरील कर्जदारांविषयी एकाच कार्यालयात साठलेले ज्ञान वाटता येत नाही. भाषिक राज्यांचा लाभ निःसंशय मोठा होता. ही त्याची एक न मोजलेली किंमत.

दरम्यान १९५४ साली गोरवाला समितीचा ग्रामीण पतपाहणीचा अहवाल आला. धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. पन्नास वर्षांच्या सहकारानंतर शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा सुमारे ३ टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के असल्याचे तिने दाखवले. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणाने व्यापारी बँका खेड्यांकडे निघाल्या, परंतु त्यांचा कर्मचारी शहरी, खर्च शहरी आणि भाषाही बरीचशी शहरी. तेव्हा १९७५ साली नरसिंहम कार्यगटाने तिसरा मार्ग सुचवला: सहकारी संस्थेची स्थानिक ओळख आणि व्यापारी बँकेची शिस्त यांचा संयोग. २ ऑक्टोबर १९७५ रोजी पहिल्या पाच प्रादेशिक ग्रामीण बँका सुरू झाल्या; १९७६ साली कायदा झाला. भांडवलात केंद्राचा वाटा ५० टक्के, पुरस्कर्त्या बँकेचा ३५ आणि राज्याचा १५. कार्यक्षेत्र एक-दोन जिल्ह्यांपुरते, कर्ज लहान शेतकरी, शेतमजूर व कारागिरांपुरते, आणि वेतन राज्य सरकारच्या श्रेणीप्रमाणे, म्हणजे स्वस्त. बँकेचा माणूस जिल्ह्यातलाच असावा, लोकांची बोली त्याला यावी, ही अपेक्षा या रचनेचा गाभा होती. मराठवाडा ग्रामीण बँक नांदेडला १९७६ साली याच तत्त्वावर निघाली. जबलपूरच्या दक्षिणेस मंडला-बालाघाट आणि छिंदवाडा-शिवनी या जोड्यांच्या ग्रामीण बँका सेंट्रल बँकेच्या पुरस्काराने निघाल्या. गोंडी, हिंदी आणि मराठी एकाच बाजारात बोलल्या जाणाऱ्या या जिल्ह्यांत ‘स्थानिक’ या शब्दाला खरा अर्थ होता.

१९८७ पर्यंत अशा बँकांची संख्या १९६ झाली, आणि तोवर त्यांतील पुष्कळ तोट्यात गेल्या होत्या. कर्ज केवळ दुर्बलांनाच द्यायचे, व्याज कमी घ्यायचे आणि नफाही दाखवायचा, हे गणित सुटणारे नव्हतेच. १९८९ च्या खुस्रो समितीने त्या पुरस्कर्त्या बँकांत विलीन कराव्यात असे म्हटले. १९९० च्या न्यायाधिकरणाच्या निवाड्याने कर्मचाऱ्यांना व्यापारी बँकांच्या बरोबरीचे वेतन मिळाले. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होते; एकच काम करणाऱ्याला केवळ खेड्यात राहतो म्हणून कमी वेतन द्यावे, याचे समर्थन कसे करणार? परंतु स्वस्त बँक ही कल्पना तेथेच संपली. त्यानंतर पुढील दशकात बंधने सैल झाली, इतरांनाही कर्जे देता आली, आणि २००५ पासून एकत्रीकरण सुरू झाले. सातपुड्यातील जिल्हा-बँका छिंदवाड्याच्या एका बँकेत आल्या, २०१२ साली ती सेंट्रल मध्य प्रदेश ग्रामीण बँकेचा भाग झाली, २०१९ साली ही बँक नर्मदा झाबुआ ग्रामीण बँकेशी मिळून इंदूरची मध्य प्रदेश ग्रामीण बँक झाली.

एकत्रीकरणाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मोठी बँक एका जिल्ह्यातील दुष्काळ पचवू शकते. गणकयंत्राची व्यवस्था, लेखापरीक्षण, भांडवल हे सारे लहान बँकेला झेपत नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत मध्यवर्ती बँका बुडू लागल्या त्या याच लहानपणामुळे, हे विसरून चालणार नाही. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या जिल्हा सहकारी बँकांना २०१४ साली केंद्राच्या पुनरुज्जीवन योजनेत घ्यावे लागले, हे तर अलीकडचे. मात्र मोठी बँक ऋणकोला ओळखते ती कागदावरून: सातबारा वा खसरा, आधार क्रमांक, पूर्वीच्या कर्जांच्या नोंदीवरून काढलेला गुणांक. या गुणांकाला हिंदी वृत्तपत्रे ‘साख’ म्हणतात, मराठी वृत्तपत्रे ‘पत’. त्यात शेजाऱ्याची साक्ष नाही आणि मुनिमाचा प्रत्ययही नाही. आहे ती ऋणकोची स्वतःची नोंद, जी त्याने लिहिलेली नाही आणि जी त्याला सहसा वाचता येत नाही. पेढीच्या वहीपेक्षा ती प्रामाणिक आहे, यात शंका नाही. तीत खाडाखोड होत नाही. पण पाऊस पडला नाही म्हणून हप्ता चुकला की बुडवण्याच्या इराद्याने चुकला, हे तीत लिहिण्याची जागा नाही.

१ मे २०२५ रोजी ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणाने देशातील ग्रामीण बँकांची संख्या ४३ वरून २८ झाली. मध्य प्रदेशात सागरची मध्यांचल बँकही इंदूरच्या बँकेत आली. महाराष्ट्रात नागपूरची विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिळाली आणि मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला ठरले. पांढुर्णा आणि सौंसर येथील मराठी बोलणाऱ्या संत्रा-उत्पादकाची ग्रामीण बँक त्यामुळे आता इंदूरची आहे, आणि वर्धा नदीपलीकडच्या वरुड-मोर्शीच्या संत्रा-उत्पादकाची छत्रपती संभाजीनगरची. दोघांच्या बागा एकाच जातीच्या, मोसम एकच, नागपूरची बाजारपेठही एकच. १९५६ पूर्वी दोघांची प्रांतिक सहकारी बँकही एकच होती.